साहेबांचा शेरा

कृष्णकांत देवपुजारींचा उजवा गुडघा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुखला नसता, तर त्यांची मुलगी आज हिंगण्याला बिस्किटांच्या कारखान्यात बसलेली असती.

मुग्धा चौतीस वर्षांची. तिनं डॉक्टरेट केली होती ती ऑटोमन साम्राज्याच्या इतिहासात. म्हणजे ज्या तुर्की सुलतानांनी इस्तंबूलमधून काही शतकं राज्य केलं, त्यांच्या. त्यातही लढाया वगैरे सोपा भाग तिनं इतरांसाठी सोडला आणि सुलतानाच्या मुदपाकखान्याच्या नोंदवह्या घेतल्या. कुठल्या दिवशी किती कोंबड्या, किती कांदे, मनुका कुणाला कमी पडल्या. या वह्या ज्या लिपीत आहेत तिच्यात टिंबं जवळजवळ नसतात आणि अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. कारकुनांखेरीज कुणालाही वाचता येऊ नये अशी सोय त्या कारकुनांनी करून ठेवली होती. ती लिपी वाचणारी माणसं जगातच थोडी. नागपुरात एक होती आणि तिला नोकरी नव्हती.

नोकरी तशी अगदी हाताशी आली होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका निमसरकारी संशोधन संस्थेत तुर्की अभ्यासाचं नवं पद निघालं. नोव्हेंबरमध्ये मुलाखत झाली, निवड समितीनं मुग्धाचं नाव कळवलं, फाईल संचालकांकडे गेली आणि तिथून पुढे काही ऐकू आलं नाही. एकतीस मार्चपर्यंत पद भरलं नाही तर ते रद्द होणार होतं. इकडे हिंगण्याच्या कारखान्यानं तुर्कस्तानहून बिस्किटांची यंत्रं आणली होती. त्यांच्या माहितीपुस्तिका वाचून सांगायला माणूस हवा होता आणि एक एप्रिलपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं.

"कारखाना काही वाईट नाही," कृष्णकांत म्हणत. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. "कंपनीची बस चौकातून जाते."

"बाबा, मी अकरा वर्षं सुलतानाच्या स्वयंपाकघरावर घालवली आहेत."

"मग बिस्किटं वेगळी आहेत का? खाण्याचंच तर आहे."

संस्थेत फोन केला की "फाईल प्रक्रियेत आहे" एवढंच ऐकू येई. ती रोज सकाळी दाराच्या पत्रपेटीत हात घालून बघत असे आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, हेही बघत असे.

तर गुडघा दुखला. कृष्णकांत डॉक्टरकडे जाऊन आले आणि मुग्धाला बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकान कवडू भोयर यांचं. कवडूनं चिठ्ठी घेतली, चष्मा वर केला, खाली केला आणि चिठ्ठी उलटी धरून पाहिली.

"काय गा कवडू, काय दिलंय?"

"काका, पहिली गोळी समजली. दुसरीचं काही समजून नाही राहिलं. डॉक्टरचा फोनबी बंद आहे. पूजेले बसले असतील."

"मी बघू का?" मुग्धा म्हणाली.

कवडूनं माणुसकी म्हणून चिठ्ठी दिली. मुग्धानं ती काउंटरवर सरळ ठेवली आणि तिचा चेहरा एकदम बदलला. गेल्या चार महिन्यांत कृष्णकांतांनी हा चेहरा पाहिला नव्हता.

"याच डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या आहेत?"

कवडूनं खिळ्याला टोचलेला गठ्ठा काढून दिला. मुग्धानं आधी बाबांच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव शोधलं. कृष्णकांत, हे तर माहीतच होतं. त्यातला 'के' कसा वळतो, 'टी'ची मान कुठं मोडते, ते तिनं बोटानं गिरवलं. मग तीच वळणं गठ्ठ्यात शोधली. सात मिनिटांनी तिनं दुसऱ्या गोळीचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

"पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका," तिनं बजावलं.

पूजा आटोपल्यावर डॉक्टरांचा फोन लागला. गोळी तीच होती. कवडूनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

"ताई, बावीस वर्षं झाली मले दुकान टाकून. हे तं त्यांच्या कंपाउंडरलेबी येत नाही! तुम्ही शिकल्या कुठं?"

"इस्तंबूलला."

"तिथंबी डॉक्टर असेच लिहून राहिले काय?"

इथून गोष्ट हाताबाहेर गेली. कवडू दिवसातून दोनदा चिठ्ठ्या पाठवू लागला. त्यांच्या मागोमाग माणसं आली. गल्लीतल्या जिजाबाईंनी कै. सासूच्या हातची मसाल्याची कृती आणली. सासूनं ती कुणालाच वाचता येऊ नये अशी लिहिली होती. एकानं काटोलच्या मामाचं पोस्टकार्ड आणलं. एकानं लग्न मोडलेल्या मुलाची पत्रिका आणली आणि मूळ ज्योतिष्यानं नेमकं काय लिहिलं होतं ते विचारलं. मुग्धाचा अभ्यास कशाचा, हे सांगता सांगता थकलेले कृष्णकांत आता दारात बसून नंबर लावू लागले. गुडघा बरा झाला, पण खुर्ची त्यांनी सोडली नाही.

"रांग धरा गा, रांग धरा. आज जुनी शाई. डॉक्टरवाल्यांनी उद्या या."

मुग्धाच्या आईला, सुहासिनीताईंना, हे आवडत नव्हतं. "अकरा वर्षं शिकून पोरगी मसाला वाचून राहिली," त्या म्हणाल्या. मात्र जिजाबाईंची कृती त्यांनी हळूच उतरवून घेतली.

खरं सांगायचं तर मुग्धा सुखात होती. दगडफूल किती घालायचं हे सासूनं मुद्दाम समासात, आडवं लिहिलं होतं; ते सापडलं तेव्हा इस्तंबूलला मनुकांची नोंद सापडली होती तेव्हासारखीच ती टाळी वाजवून उठली.

बावीस मार्चला शामला उईके नावाच्या बाई सासूची चिठ्ठी घेऊन आल्या. काम झालं. उठता उठता त्यांनी भिंतीवरचं इस्तंबूलचं प्रमाणपत्र पाहिलं आणि पुन्हा खाली बसल्या.

"अगं बाई! तुम्हीच काय त्या तुर्कस्तानवाल्या?"

"हो. का?"

"मी संस्थेत हेडक्लार्क आहो. तुमची फाईल माह्याच टेबलावर पडून आहे वं ताई!"

मुग्धानं पेन खाली ठेवला. "पडून का आहे?"

"मंजूर झाली का नामंजूर झाली, तेच समजून नाही राहिलं." शामलाबाईंनी आवाज खाली केला. "साहेबानं दोन ओळींचा शेरा लिहिला डिसेंबरात. मी वाचलं 'मंजूर'. लेखा विभागानं वाचलं 'नामंजूर'. भांडारवाले म्हणतात, साहेब पेन चालते का पाहून राहिले होते. मग फाईल तीन टेबलांवर अभिप्रायासाठी फिरली."

"अहो, मग साहेबांना विचारायचं ना!"

शामलाबाईंनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "मागच्या वर्षी एकानं विचारलं होतं. साहेबानं तो कागद पाच मिनिटं पाहिला. मग असे लाल झाले न, का तो माणूस अजून रेकॉर्डरूममध्ये आहे. तवापासून कोणी विचारत नाही. आम्ही अंदाजानं काम करतो."

"आणि तुम्हाला ते माझ्याकडून वाचून हवंय."

"उद्या अकरा वाजता या. साहेब मीटिंगले जातात."

दुसऱ्या दिवशी मुग्धा संस्थेत गेली. शामलाबाईंनी कागद उडू नयेत म्हणून कूलरची तोंडं फिरवली, टेबलावर जागा केली आणि फाईल उघडली. मुग्धा पाहतच राहिली. मधोमध अर्ज. त्याच्या डोक्यावर एका टेबलाची टिप्पणी, डाव्या समासात दुसऱ्याची, खाली आडवी तिसऱ्याची आणि या सगळ्यांना ओलांडून हिरव्या शाईत संचालकांचा शेरा. वजिराच्या कचेरीतला अर्ज हुबेहूब असाच दिसे. तिथंही कारकून समासात लिहून कागद पुढं ढकलत आणि अर्जदार वर्षभर बाहेर उभा राहत असे. त्या अर्जदारांवर तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तसं उभं राहणं कसं असतं ते मात्र तिला आत्ता कळलं.

लेखा विभागातले दोघे आणि भांडारवाले मागे येऊन उभे राहिले.

"ताई," शामलाबाई कानाशी म्हणाल्या, "मंजूर आहे म्हणून सांगून टाका. तुमच्याशिवाय कोणाले वाचता येते? मी आजच आदेश टाइप करते."

मुग्धानं त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द होता. तो उच्चारला की हिंगणा संपलं, बस संपली, पत्रपेटी संपली. संचालकांनाही, त्यांनी तेच लिहिलं होतं, असं पुढं कधी पटवून देता आलं असतं. पण इस्तंबूलच्या तिच्या म्हाताऱ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: तुला काय हवंय ते वाचू नकोस, काय लिहिलंय ते वाच. मुग्धाला त्या क्षणी त्यांचा मनापासून राग आला.

"साहेबांच्या इतर फाईली द्या," ती म्हणाली.

नऊ फाईली आल्या. तिनं आधी सही पाहिली, मग तारखा, मग जिथं उत्तर ठाऊक होतं असे शेरे. संचालकांनी शिरोरेषा बहुधा शाळेतच सोडली होती आणि काना ते देतच नसत. साडेबारा वाजता तिनं मान वर केली.

"मंजूर नाहीये," ती म्हणाली.

शामलाबाईंनी आदेशासाठी काढलेला कोरा कागद परत खणात ठेवला. लेखा विभागवाल्यांनी एकमेकांकडे अभिमानानं पाहिलं.

"नामंजूरही नाहीये. लिहिलंय: 'ऑटोमन म्हणजे नेमके काय? मला समजून घ्यायचे आहे. उमेदवारास चहाला बोलवा.' तारीख सात डिसेंबर."



"म्हणजे साहेब साडेतीन महिने चहाले वाट पाहून राहिले?" भांडारवाले म्हणाले.

तेवढ्यात मीटिंग लवकर संपली आणि साहेब दारात उभे राहिले. डॉ. ऋषिकेश टेंभेकर, उंच, कपाळावर कायमची आठी. मंडळी भिंतीला चिकटली.

"काय चाललंय इथं?"

शेवटी मुग्धाच उठली. "सर, मी मुग्धा देवपुजारी. आपण मला चहाला बोलावलं होतं. यायला थोडा उशीर झाला."

साहेबांनी फाईल हातात घेतली. हिरव्या शेऱ्याकडे पाहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्यांचे कान लाल व्हायला लागले, तशी शामलाबाईंना रेकॉर्डरूम दिसू लागली. साहेबांनी मुग्धाला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"वाचा," ते म्हणाले.

मुग्धानं वाचलं. साहेब खुर्चीत मागे टेकले आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"हो! हेच लिहिलं होतं मी. आठवलं." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाहेर सांगू नका, पण माझं मलाही वाचता येत नाही. कोणी विचारायला आलं की घाम फुटतो. ओरडलं की जातात. मला वाटायचं, माझ्या प्रश्नांची उत्तरं कोणाला द्यायचीच नसतात. शेवटी विचारणं बंद केलं. बरं, ते राहू द्या. ऑटोमन म्हणजे नेमकं काय?"

मुग्धा बोलू लागली. चहा आला, दुसरा आला. कोंबड्या, कांदे, मनुका. सुलतानाच्या मुदपाकखान्यात चोरी कशी पकडली जायची. "आणि मग त्या कारकुनाचं काय झालं?" साहेब पुढं झुकून विचारत राहिले. शामलाबाई दोनदा दारावर टकटक करून गेल्या. तिसऱ्यांदा त्या आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात टाइप केलेला आदेश होता.

"साहेब, तुम्ही काही लिहू नका," त्या धीर करून म्हणाल्या. "फक्त सही करा."

साहेबांनी सही केली. चोवीस मार्चला मुग्धा रुजू झाली. हिंगण्याला नकार कळवताना कृष्णकांतांनी बसबद्दल थोडी हळहळ व्यक्त केली.

एप्रिलभर मुग्धानं साहेबांचे जुने शेरे वाचले. त्यांत हुकूम फारच थोडे होते. 'हे असे का?' 'पूर्वी कसे करत?' 'कोणी सांगेल काय?' चार वर्षांचे प्रश्न, फाईलोफाईल, हिरव्या शाईत. लोक त्यांवर 'नोंद घेतली' लिहून मोकळे झाले होते. मुग्धाला हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं.

जुलैत तिचा वर्ग सुरू झाला. पाच विद्यार्थी होते. सहावे पहिल्या बाकावर येऊन बसले, हिरव्या शाईचा पेन आणि नवी कोरी दोनशे पानी वही घेऊन. तासभर त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. तास संपला, मुलं गेली, तरी साहेब बसूनच होते. पानं पुढं उलटत होते, मागं उलटत होते. शेवटी ते उठले, दारातून बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि वही मुग्धापुढं सरकवली.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मी काय लिहिलंय?"