टोक सापडंना

आमच्या गावात कुणाचं तेरावं झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी येलनमावशी त्या घराच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सोटर द्या."

आधी ती रीतसर रडून घ्यायची. डोळ्याला पदर लावायची, घरच्या बायकांच्या पाठीवरून हात फिरवायची, कोरा चहा मागून प्यायची. मग कप खाली ठेवून हात पुढं करायची. तिला गेलेल्या माणसाचा स्वेटर हवा असायचा. तो तिनंच फुकट विणून दिलेला असायचा आणि देतानाच अट घातलेली असायची : जिता हायस तवर तुझा, मागनं माझा. घरी नेऊन ती तो उसवायची, लोकर धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि तिच्यातून दुसऱ्या कुणाचा तरी स्वेटर विणायला घ्यायची.

"मानूस मरतंय गड्या," ती म्हणायची, "लोकर न्हाई मरत."

मावशीचं खरं नाव आयलीन. जन्म स्कॉटलंडकडच्या एका बेटावरचा. तरुणपणी पाचगणीच्या एका शाळेत विणकाम शिकवायला आली आणि त्याच शाळेच्या बसचे ड्रायव्हर शंकरनाना यांच्याशी लग्न करून कायमची इकडची झाली. नाना आमच्या गावचे. ते रिटायर झाल्यावर दोघं कोरेगावजवळच्या आमच्या गावी येऊन राहिली. पुढं नाना वारले, तरी ही राहिली. आयलीन हे नाव गावाच्या जिभेवर कधी बसलं नाही. तिची येलन झाली, आणि फोन उचलल्यावर तीही "मी येलन बोलतो" असंच सांगू लागली.

'बोलतो'च. मराठी ती नवऱ्याच्या तोंडून शिकली, म्हणून मी आलो, मी जेवलो, मी चाललो असंच बोलायची. ही चूक आहे हे गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमच्याकडच्या बायकाही तसंच बोलतात. पुण्याहून बदलून आलेल्या एका शिक्षिकेनं तिला सुधारायचं मनावर घेतलं. बाई म्हणाल्या, "मावशी, 'मी आले' असं म्हणावं." मावशीनं हातातलं विणकाम बाजूला सारून जागा केली. "आला व्हय? मग बसा की." 'गड्या' हा शब्दही नानांचाच. तो ती सुनांना, तलाठ्याला आणि आमच्या म्हशीलाही सरसकट लावायची.

दर रविवारी तिच्या बहिणीचा फोन यायचा. बहिणीचं नाव मॅगी, गावाच्या भाषेत मागी. सोमवारी पिठाच्या गिरणीत दळणाला आलेल्या बायकांना मावशी तिकडची सगळी खबर द्यायची. मागीच्या पोरानं नोकरी सोडली. मागीच्या कुत्रीला पिल्लं झाली. मागीचं गुडघं लय दुखत्यात. ज्या बायकांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, त्या मागीच्या सुनेला नावं ठेवायच्या. "निरगुडीचा पाला गरम करून बांध म्हनावं," असं तुळसाकाकू दर सोमवारी सांगायच्या, आणि मावशी दर रविवारी तो निरोप त्या बेटावर पोचवायची.

स्वेटर परत मागायची खोड तिला सासू वारल्यावर लागली, असं आई सांगते. सावडायच्या दिवशी आमच्याकडं रक्षेबरोबर गेलेल्या माणसाचे कपडेही नदीत सोडतात. सासूबाईंच्या लुगड्यामागोमाग मावशीनं विणलेला स्वेटर पाण्यात गेला, आणि ही नेसत्या लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात शिरली. स्वेटर छातीशी धरून ओली काठावर आली. भाऊबंद ओरडत होते. ती म्हणाली, "म्हातारीची ऊब हाय ह्यात. ती कशाला बुडवताय?"

तेव्हापासून गावात मेलेलं कुणी पुरतं मेलं नाही. मावशीचा स्वेटर अंगात घालताना त्यात कोण कोण आहे, हे ऐकून घ्यावं लागायचं. मी पदवीसाठी सांगलीला निघालो तेव्हा तिनं मला एक दिला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझं इंग्रजी ह्या बाईनं तिच्या ओट्यावर बसवून पक्कं करून घेतलं होतं, फीसुद्धा न घेता. स्वेटर अंगाला लावून बघत ती म्हणाली, "पाठीत सरपंच हायत. बाह्या रखमाकाकूच्या. आन् गळ्याला बाळू पैलवान हाय, आवळला तर सांग." सांगलीत त्या वर्षी थंडी पडली नाही. तरी परीक्षेच्या दिवशी मी ती तिन्ही माणसं अंगावर घेऊन गेलो आणि घामानं भिजून पास झालो.

आजारी माणसं मात्र तिला टरकून असायची. दम्यानं खाटेवर पडलेले बापू तिला रस्त्यानं येताना पाहिलं की उठून बसायचे आणि ओरडायचे, "हाय अजून मी! जा म्होरं!"

"बस निवांत," मावशी सांगायची. "मी शेवग्याच्या शेंगा आणाय चाललो."

गेल्या हिवाळ्यात माझे वडील, अण्णा, गेले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मावशीनं त्यांना बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर विणला होता. शेवटी साताऱ्याच्या दवाखान्यात अंगावर सुया आणि नळ्या होत्या, तरी त्यांनी तो काढू दिला नाही. नर्सनं एक बाही कापली. अण्णा गेल्यावर आईनं ती बाही पिशवीतून घरी आणली आणि स्वेटरला मोठ्या टाक्यांनी जोडली. स्वेटर ट्रंकेत ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी आली. रडली. चहा प्याली. हात पुढं केला.

"न्हाई," आई म्हणाली.

"ठरलं हुतं गड्या."

"त्येंनी ठरवलं आसंल. मी न्हाई."

मावशीनं माझ्या बायकोकडं बोट केलं. तिला सातवा महिना लागला होता. "बाळाला करतो. आज्जा अंगावर ऱ्हाईल की त्येच्या."

"त्यात अजून वास हाय त्येंचा," आई म्हणाली. "तू धुशील."

 मावशी गेली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. सोप्यात बसून राहायची. मागायची नाही, नुसतं त्या ट्रंकेकडं बघायची. आईचं जेवण तुटलं. येणारेजाणारे आईलाच समजावू लागले, देऊन टाक, गावाची रीतच झाली आहे. एके सकाळी आई ताटावरून उठली आणि मावशीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"येलन, एक इचारू? शंकरनानांचा सोटर उसवलास?"

 ही गोष्ट आजवर गावात कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

"मग आमच्याच मानसाचा का गं?"

मावशी उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. 'चाललो' म्हणाली नाही.

त्यानंतर ती आली नाही. लागोपाठ दोन सोमवार गिरणीतही दिसली नाही. दुसऱ्या सोमवारी तुळसाकाकू दळण घेऊन थांबल्या होत्या, त्या घरी येऊन म्हणाल्या, "मागीचं कायतरी इपरीत दिसतंय." दुपारी आईनं ट्रंक उघडली, स्वेटर पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चल संगं."

मावशी पलंगावर बसली होती. मांडीवर नानांचा तपकिरी स्वेटर होता. कोपरांवर विरलेला, गळा ताणून ढिला पडलेला. शेजारी कात्री पडली होती. आम्हांला पाहून ती म्हणाली, "टोक सापडंना, गड्या."

साऱ्या गावाचे स्वेटर उसवणारी ही बाई. धाग्याचं टोक कुठं लपवलंय हे ती डोळे मिटून सांगायची. मीच तिला तसं करताना लहानपणापासून पाहत आलो होतो.

"नाना गेला तवापासनं बघतो. घेतो आन् ठेवतो. न्हाईच सापडत."

आई तिच्याजवळ बसली. "आन हिकडं." तिनं स्वेटर उजेडाकडं धरला आणि गळ्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवत नेला. मी मागं उभा होतो. मला दिसलं. मानेपाशी, आतल्या अंगाला, आईच्या नखाखाली एक बारीक टोक वर आलं. ओढायचाच अवकाश होता. आईनं क्षणभर ते धरलं, मग नखानंच पुन्हा आत ढकललं आणि वरून वीण दाबून सारखी केली.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तुझं काम लय बारीक. मलाबी न्हाई सापडत."

मावशी आईच्या अंगठ्याकडं बघत होती. तिलाही दिसलं असणार.  स्वेटर घेऊन तिनं घडी घातली.

मग आईनं विचारलं, "मागीचं गुडघं कसं हाय?"

"मागी गेली," मावशी म्हणाली. "शनवारी. नऊ दिस झालं. मी पोराला फोन केला, म्हनलं तिचा निळा सोटर धाड मला. तर म्हनतो, सगळी कापडं देऊन टाकली, जुनी कापडं इकत्यात त्या दुकानात. कुणाच्या अंगावर गेला, त्येलाबी म्हाईत न्हाई."

 आईनं पिशवी पुढं सरकवली. आत हिरवी लोकर दिसत होती. मावशीनं ती उघडलीसुद्धा नाही. हातानं परत आईकडं लोटली. "ने घरी. ह्येचंबी न्हाई सापडायचं."

बारसं सांगलीत, बायकोच्या माहेरी झालं, ऐन चैत्रात. पंखे फिरत होते तरी सगळे घामाघूम, आणि त्या गर्दीत दोन म्हाताऱ्या स्वेटर घालून बसलेल्या. आईच्या अंगावर मोठ्या टाक्यांच्या बाहीचा हिरवा, मावशीच्या अंगावर तपकिरी. माझ्या सासरची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. "आवं, उकडत न्हाई का तुमास्नी?" कुणीतरी विचारलं. "उकडतंय की," आई म्हणाली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

पाळण्याजवळ येऊन मावशीनं पिशवीतून पिवळा, तळहातावर मावेल एवढा स्वेटर काढला. माझ्या बायकोनं हसत, पण थोडं भीतभीतच विचारलं, "मावशी, ह्यात कोण आहे?"

"कुनी न्हाई," मावशी म्हणाली. "नवी लोकर हाय. साताऱ्यासनं आणली." माझ्या लेकीची मूठ सोडवून तिनं ती बाहीतून अलगद बाहेर काढली. "ह्यात हीच."