हरकत असल्यास समक्ष हजर व्हावे

एका दुपारीत मी पोलादपूरच्या डोंगरातलं सगळं बीपी आटोक्यात आणलं! तेही एकाही माणसाच्या दंडाला पट्टा न बांधता. जमलं असतं तुम्हाला?

आमच्या संस्थेची जीप दर पंधरा दिवसांनी वरच्या वाड्यांवर जाते. डॉक्टर विनोदिनीबाई, मी आणि गोळ्यांचा डबा. यंदा संस्थेनं अट घातली : शंभरातल्या ऐंशी पेशंटांचं बीपी आटोक्यात दिसलं पाहिजे, नाहीतर जीप बंद! आमच्या रजिस्टरात नावं साठ, आटोक्यात तेहेतीस. बाकीच्यांनी वर्षभर पट्टाच बांधून घेतलेला नाही. म्हणजे जीप गेल्यात जमा, आणि वरच्या वाडीतल्या राहीबाईनं ते कुरकुरणारे गुडघे घेऊन दोन तास डोंगर उतरायचा. माझा जीव तिथंच अडकला.

पण नियमावलीत एक सवलत होती. जो कायमचा गाव सोडून गेला, ज्याला औषधाचा अपायच जास्त, किंवा जो तीनदा बोलावूनही आला नाही, त्याला मोजणीतून वगळता येतं.

तीनदा ना? मी फोन उचलला. दोन वाजता, दोन दहाला, दोन वीसला! वाडीत चिंचेवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. पण नियमात चिंचेचा उल्लेख नव्हता. गोमाजीचा फोन तेवढा शेजाऱ्यानं उचलला. म्हणाला, "त्यो ममईला गेलाय." लिहिलं : कायमचा स्थलांतरित!

चार वाजेपर्यंत बावीस नावं कमी. उरले अडतीस, त्यात आटोक्यात तेहेतीस. शेकडा सत्याऐंशी!

बाईंनी चष्मा पुसला. "शकूताई, इतकी माणसं खरंच नाही आली?"

"तीनदा बोलावलं, बाई!"

"बरं. मग वगळलेल्या प्रत्येकाला कळवा. तोही नियमच आहे."

कळवायला मी काय घाबरते! शाळा सातवीपर्यंत, पण पुढची बारा वर्षं मी महाडच्या कोर्टासमोर टायपिंगच्या टेबलावर काढलीत. बोटं आपोआप चालली : 'आपले नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. हरकत असल्यास आठ दिवसांत समक्ष हजर व्हावे. अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' खाली गोल शिक्का. एकवीस पत्रं पोस्टात टाकली. बाविसावा पत्ता जवळचाच होता, म्हटलं तिकीट कशाला वाया घालवा.

आता कुठली यादी, हे लिहायचं राहिलं. आमच्याकडे यादीतून नाव गेलं की माणूस निम्मा मेला : रेशन गेलं, पेन्शन गेली, घरकुल गेलं!

सोमवारी संस्थेचे निषादसाहेब रजिस्टर तपासायला आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, मी चहा दिला, आणि बाहेर लग्नाचं वऱ्हाड उतरल्यासारखा गलका झाला. दोन टेंपो! पुढे पोलीसपाटील येसाजी.

"ही समदी जिती हायत," तो गरजला. "मी दाखला द्यायला आलोय. शिक्का संगं हाय!"

मागून गोमाजी. एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्यात नारळ. "शकू, मी तुजं काय घोडं मारलं गो?"

"तू मुंबईला गेलास ना कायमचा?"

"नातवाच्या बारशाला गेल्तो! चार दिस!"

त्याचा मुलगा किशोर मुंबईहून रातोरात आलेला. "मॅडम, डायरेक्ट नोटीस? एक फोन तरी करायचा!"

"तीन केले," मी म्हटलं.

राहीबाई तर पायरीवरच बसली. "दर साली तुला वालाच्या शेंगा धाडते मी. नि तू मला जितेपणी मारलंस?"

निषादसाहेबांनी रजिस्टरावरून नजर उचलली. "प्रतिसाद न देणारे ते हेच का?"

धरणी काही दुभंगली नाही. ती वेळेवर कधीच दुभंगत नाही! पण बाई उठल्या. "आलेच आहेत, तर पट्टा बांधा सगळ्यांना."

बांधला. एकशे नव्वद! दोनशे! गोमाजीच्या वेळी तर यंत्रानं नुसतीच शिट्टी मारली.

"रागाचं आहे हे," बाई म्हणाल्या. "यांना ताक द्या. शकूताई, तुम्ही माफी मागा."

मी मागितली. एकेकापुढे हात जोडून. यादी कसली ते सांगितलं, जीपचं सांगितलं. राहीबाई पायरीवरून उठली. "आमच्यासाठी केलंस व्हय? येडी गो येडी!" मग गोमाजीनं बारशाची हकीकत काढली, पोरानं तिथं आलेल्या पाटलाच्या फेट्यावर काय केलं ते ऐकून सगळे हसले आणि तासाभरानं बाईंनी पुन्हा पट्टा बांधला. वाडीतल्या आशा सेविकांनी घरी पोचवलेल्या गोळ्या लोक इमानानं खात होते, हो! आलेल्या अठरापैकी चौदा आटोक्यात!

न आलेल्या तिघांत दोघं खरंच भावाकडे विरारला राहायला गेलेले. तिसरी नव्वदीची तुळसाआजी : गोळी घेतली की चक्कर येऊन पडायची. तिचं नाव बाईंनी स्वतःच्या हातानं वगळलं, आणि पुढे लिहिलं : दर फेरीला घरी जाऊन भेटणे.

तेहेतीस नि चौदा, सत्तेचाळीस. सत्तावन्नातले. शेकडा ब्याऐंशी, एकही नाव न चोरता! निषादसाहेबांनी सही ठोकली. जीप राहिली! येसाजीनं उत्साहात आपलाही शिक्का मारला. गोमाजीनं नारळ जीपच्या चाकाशी फोडला.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "वगळलेले बावीस. मला एकवीसच सापडतात. बाविसावी ही शकुंतला कोण? 'तीनदा बोलावूनही आली नाही.' कोणी बोलावलं होतं?"

"मीच."

"आणि आलं कोण नाही?"

"मीच."

बाईंनी पट्टा माझ्या दंडाला बांधला. एकशे ऐंशी. ताक पाजलं, तासाभरानं पुन्हा बांधला. एकशे ब्याऐंशी.

"हरकत हाय!" गोमाजी खिडकीतून ओरडला. "नाव कापू नका! तिला गोळी द्या!"

जीप चालू आहे. गोळीही चालू आहे. आणि दर पंधरा दिवसांनी वाडीत उतरले, की अख्खी वाडी मला तीनदा विचारते, "घेतलीस का गो?" लागोपाठ, दहा-दहा मिनिटांनी.