दूधविनायकातील चहा-गौरव समारोह

माणसाला आवडणारी गोष्ट जोवर संस्कृती ठरत नाही, तोवर तिला व्यसन म्हणतात. काशीत भांग केव्हाच प्रसाद झाली, पान विद्वत्तेचे लक्षण ठरले, आणि दुपारची झोप तर साधनेत जमा आहे. चहा तेवढा बिचारा १९९५ सालापर्यंत नुसता चहाच राहिला होता. ही राष्ट्रीय उणीव तिथल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाने भरून काढली. मी त्या वेळी मंडळाचा चिटणीस होतो. (बँकेने माझी नागपूरहून बदली केली होती. नव्या गावात आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे मंडळाला माहीत होते.)

या महान कार्याची प्रेरणा मंडळाचे अध्यक्ष विष्णुपंत वझे यांच्या जठरातून आली.

विष्णुपंत हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना चहा फार लागे असे म्हणणे अन्यायाचे होईल. उठण्यासाठी एक, उठल्याबद्दल एक, गंगेवर जाण्याआधी थंडी वाजेल म्हणून एक आणि आल्यावर ती वाजली म्हणून एक, पेपर आला म्हणून, पेपरात काही नाही म्हणून, कुणी आले म्हणून आणि एकदाचे गेले म्हणून, एवढाच. त्या पावसाळ्यात एका सकाळी ते गल्लीतच पोट धरून खाली बसले. जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी चहा बंद केला. विष्णुपंतांनी विचारले, "म्हणजे किती बंद?" डॉक्टर म्हणाले, "बंद म्हणजे बंद." विष्णुपंतांच्या मते या उत्तरात वैज्ञानिक काटेकोरपणाचा अभाव होता.

बंदीची अंमलबजावणी त्यांच्या पत्नी शरदिनीकाकूंकडे आली. काकू मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दवाखान्यात विष्णुपंतांच्या उशाशी बसून त्यांनी जी काही आकडेमोड केली असेल ती केली, आणि घरी आल्यावर चहाचा डबा शेजारी नेऊन ठेवला. नंतर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक मराठी घरी जाऊन सांगितले, "आमच्या ह्यांना चहा विचारायचा नाही. विचारलात तर मी तुमच्याकडे राहायला येईन." कुणीही विचारला नाही.

शेवटचा उपाय म्हणून विष्णुपंत गल्लीच्या तोंडाशी लल्लन यादवच्या दुकानी गेले. लल्लनची मुलगी काकूंच्या हाताखाली शिकून बारावी झाली होती. लल्लनने दोन्ही कान पकडले. "गुरुजी, माताजी ने मना किया है. आपको चाय देंगे तो नरक में जाएँगे." तो स्वतः काशीतच मरणार असल्यामुळे त्याला नरकाचा प्रश्नच येत नाही, हे विष्णुपंतांनी त्याला सशास्त्र समजावून सांगितले. लल्लन म्हणाला, "नरक से नहीं डरते गुरुजी, माताजी से डरते हैं."

माणसाचे सगळे मार्ग खुंटले की तो संस्कृतीकडे वळतो. दिवाळीनंतरच्या बैठकीत विष्णुपंतांनी ठराव मांडला: चहापान ही आपली थोर परंपरा असून नवी पिढी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांकडे वळत आहे, सबब येत्या संक्रांतीला मंडळाने 'चहा-गौरव समारोह' करावा आणि आरंभी अध्यक्षांनी सर्वांसमक्ष पहिला घोट घ्यावा. ठराव एकमताने पास झाला. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला.

"कळलं का तुम्हाला?"

"परंपरा जपली पाहिजे," मी म्हणालो.

"ते आहेच. पण चारचौघांत, व्यासपीठावर, अध्यक्षाच्या हातातला कप कुणाची बायको काढून घेते काय? भाऊसाहेब, घरी बंदी असते. समारंभात विधी असतो."

इतकी वर्षे सार्वजनिक कार्य करणाऱ्यांच्या प्रेरणेबद्दल मला जे कुतूहल होते ते त्या दिवशी शमले.

चहाचा इतिहास शोधण्याचे काम वेणीमाधवशास्त्र्यांकडे सोपवले. शास्त्रीबुवा व्याकरणाचे पंडित. पदार्थ कोणताही असो, तो इथलाच होता हे ते तीन आठवड्यांत सिद्ध करून देत. (बटाट्याला पाच लागले होते.) व्याकरणात 'चह्' असा धातू आहेच, हे त्यांना पहिल्याच दिवशी सापडले. त्याचा अर्थ 'दांभिकपणा करणे, फसवणे' असा निघाल्यामुळे त्यांनी तो संशोधनातून वगळला. मग राजा घाटाच्या पायऱ्यांवर ते दोन संध्याकाळी बसले आणि हा घाट बांधणाऱ्यांना इथे बसून चहा घ्यायचा असला पाहिजे, या निष्कर्षाला आले. इतक्या सोयीच्या पायऱ्यांवर दुसरे काय करणार? याविरुद्ध कोणताही पुरावा नव्हता. समितीने तो इतिहास म्हणून स्वीकारला.

अडचण एकच आली. संक्रांतीला मंडळाचा हॉल बायकांच्या हळदीकुंकवासाठी असतो, तो पुरुषांनी परस्पर घेतला म्हणून घरोघरी कुरबूर सुरू झाली. विष्णुपंत मुत्सद्दी होते. त्यांनी जाहीर केले की, समारोहात सर्व गृहिणींचा 'चहा-अन्नपूर्णा' म्हणून खण-नारळ देऊन सत्कार होईल. त्यांच्याबरोबर लल्लनलाही शाल आणि प्रमुख पाहुण्याची खुर्ची मिळणार होती. ही बातमी त्यांनी काकूंना सांगितली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. (माझ्यासमोर पाण्याचा पेला होता.)

"सत्कार कुणाकुणाचा?" काकूंनी विचारले.

"तुम्हा सगळ्यांचा."

"सगळ्यांचा ना? सुनांचासुद्धा? एकीलाही वगळायचं नाही हं."

"एकीलाही नाही."

"मग आम्ही त्या दिवशी करायचं काय?"

"काही म्हणजे काही नाही," विष्णुपंत उदारपणे म्हणाले. "पहिल्या रांगेत बसायचं नुसतं."

"नक्की?"

"लिहून देतो."

"नको. बोललात तेवढं पुरे," काकू म्हणाल्या आणि तीळ निवडू लागल्या.

संक्रांतीच्या दुपारी हॉल भरला. व्यासपीठामागे कप-बशीचे मोठे चित्र लावले होते. दारावर आल्याचे आणि गवती चहाचे तोरण. पहिल्या दोन रांगांत झाडून सगळ्या बायका जरीच्या साड्या नेसून बसल्या, मध्यभागी लल्लन नव्या शालीत घामाघूम. सत्कार पार पडला. प्रत्येक नवऱ्याने आपल्या पत्नीसाठी टाळ्या वाजवल्या. अशी संधी वारंवार येत नसल्याने टाळ्या बराच वेळ चालल्या.

पुढे शास्त्रीबुवा बोलले. चहा म्हणजे अतिथीधर्म, चहा म्हणजे समता, चहा म्हणजे त्याग. (त्याग कुणाचा, ते वेळेअभावी राहिले.) मधूनच गल्लीतून 'राम नाम सत्य है' करीत मणिकर्णिका घाटाकडे प्रेत नेणारी माणसे गेली की शास्त्रीबुवा थांबत, हात जोडत, आणि गेल्यावर सोडलेल्या समासापासून पुढे सुरू करीत. श्रोत्यांच्या घशाला कोरड पडली. व्याख्यानाचा विषयच असा होता, की प्रत्येक वाक्यागणिक तलफ वाढत होती.

अखेर विष्णुपंत उठले. सहा महिन्यांचा उपास त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. "आता आपण प्रत्यक्ष विधीकडे वळू," असे म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला.

दारातून कुणी आले नाही.

त्यांनी पुन्हा हात केला. मी आत जाऊन पाहिले. ओट्यावर नवे पातेले होते, दूध होते, साखर होती, आले होते. शेगडी थंड होती. इतक्या बैठका होऊनही चहा कोण करणार, हा विषय कुणाला सुचला नव्हता. कारण तो विषय आहे हेच कुणाला माहीत नव्हते. चहा आजवर आतून येत असे. आत काय असते याचे संशोधन शास्त्रीबुवांनीही केले नव्हते.

मी विष्णुपंतांच्या कानात सांगितले. ते क्षणभर गोंधळले, मग व्यासपीठावरून वाकून हळू म्हणाले, "अगं, जरा बघतेस का?"

शरदिनीकाकूंनी मांडीवरचा नारळ सरळ केला. "मी सत्कारमूर्ती आहे," त्या म्हणाल्या. हळू नव्हे.

शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीकडे पाहिले. त्या कप-बशीच्या चित्राकडे पाहत होत्या. शास्त्रीबुवांचा मुलगा सुमंत रेल्वेत इंजिनियर. त्याने इथल्याच हिंदी घरातून आलेल्या नव्या बायकोला खूण केली. ती म्हणाली, "हम तो अन्नपूर्णा हैं. आजच झालो." हॉलमध्ये खसखस पिकली. शेवटी विष्णुपंतांनी लल्लनला हाक मारली. लल्लनने आधी काकूंकडे पाहिले, मग शाल नीट केली. "गुरुजी, आज हम मुख्य अतिथि हैं. मुख्य अतिथि चूल्हा फूँकेगा तो आपकी ही बदनामी है."



तेव्हा दूधविनायकातले विद्वान स्वयंपाकघरात शिरले. शेगडी पेटवण्यात काड्यांची एक पेटी संपली, मग सिलिंडरची कळ बंद असल्याचे लक्षात आले. आधी दूध की आधी पाणी यावर दोन पक्ष पडले. सुमंतने उष्णतेच्या वहनाचे नियम सांगितले. शास्त्रीबुवा म्हणाले, 'दूध-पाणी' असा रूढ शब्द नसून 'चहा-पाणी' असा आहे, सबब पाणी आधी. तेवढ्यात कुणीतरी दूध ओतलेच आणि ते उतू गेले. (संक्रांतीला दूध उतू जाणे शुभ असते, असे एकाने सांगितले. त्याला पुसायला लावले.)

हळूहळू एकेक जण काढता पाय घेऊन बाहेर गेला. आत मी आणि विष्णुपंत उरलो. त्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, पातेले घासले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आले किसताना बोट सोलले. त्याला चिंधी गुंडाळली. वाफ वर आली, तो वास आला, आणि त्यांनी डोळे मिटले.

मी म्हणालो, "घ्या थोडा. इथे कुणी बघत नाही."

त्यांनी एक कप भरला. सहा महिन्यांत त्यांच्या हातात आलेला पहिला कप. कारस्थान फळाला आले होते. दार लोटलेले, बायको बाहेर, पातेलेभर चहा समोर. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला आणि परत खाली घेतला.

"मी दवाखान्यात होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा ही रात्रंदिवस स्टुलावर बसून होती. तिला कुणी चहा दिला असेल का हो?"

मला माहीत नव्हते. त्यांनाही नव्हते.

"भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, थांबा, हिला चहा आणायला पाठवतो, घेऊनच जा," ते म्हणाले. मग कप बशीत ठेवला आणि बाहेर निघाले.

विष्णुपंत पहिल्या रांगेपाशी गेले आणि त्यांनी तो काकूंपुढे धरला. काकूंनी पाहिले. नवऱ्याच्या बोटाच्या चिंधीकडेही पाहिले. कप घेतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. निकालाच्या दिवशी फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या पोरासारखे मुख्याध्यापक समोर उभे होते.

"करपलाय," काकू म्हणाल्या.

विष्णुपंतांनी मान खाली घातली.

"पण आयता आहे," त्या म्हणाल्या. आणखी एक घोट घेतला. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "आयता म्हणजे फार गोड लागतो हो. मला ठाऊकच नव्हतं."

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत नसलेला भाग सुरू झाला. सगळ्या अन्नपूर्णांनी एकाच वेळी माना वळवून आपापल्या नवऱ्यांकडे पाहिले. नवऱ्यांनी घड्याळांकडे पाहिले. पण दारापाशी लल्लन जाऊन उभा राहिला होता. शास्त्रीबुवा उपरणे कमरेला गुंडाळून आत गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने सभ्यपणे सांगितले, "गाळायला विसरू नका." ते विसरले.

समारोहाचा अधिकृत अहवाल मी लिहिला. त्यात 'चहापानाने सांगता झाली' एवढेच वाक्य आहे, आणि ते खरे आहे.

विष्णुपंतांना पुढे चहाची परवानगी मिळाली. डॉक्टरांनी दिवसाला एक कप मान्य केला; काकूंनी त्याला अट जोडली की, आधी त्यांचा करायचा, मग स्वतःचा, मग दोन्ही कप आणि पातेले घासायचे. आता एका कपाचीही त्यांना पुष्कळदा आठवण होत नाही. पुढल्या तपासणीत व्रण भरल्याचे निघाले. डॉक्टरांनी विचारले, कोणते औषध घेतले? विष्णुपंत म्हणाले, "पातेलं."

मंडळाने मात्र धडा घेतला. पुढच्या वर्षीपासून समारोह रद्द झाला, आणि परंपरेविषयी यापुढे फक्त पाणी पिऊन बोलावे असा ठराव झाला.

हे सगळे त्या लोकांचे झाले. आपण सुशिक्षित आहात, वाचनाची आवड आहे, असल्या माणसांना हसण्याइतकी जाणही आहे. वाचता वाचता शेजारचा कप कधी संपला ते कळलेही नसेल. आता एवढेच करा. पानावरून डोळे न काढता आठवून सांगा, तो कप आणून ठेवणारे माणूस आत्ता घरात कुठे आहे, आणि त्याचा चहा झाला आहे का?

नाही, हाक मारून विचारू नका. उठा.