निखाडेकाका आणि धुळवडीचा बोकड

लग्नाच्या रिसेप्शनला काही माणसं स्टेजजवळ उभी राहतात, काही चाटच्या स्टॉलजवळ. आमचे निखाडेकाका उष्ट्या ताटांच्या टबाजवळ उभे राहतात. हात पाठीमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कुणी ताट टाकायला आलं की आधी ताटात डोकावतात, मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघतात आणि बोट दाखवून म्हणतात, "परत जा. नळी बाकी हाय."

चार वर्षांपूर्वी बदली होऊन जबलपूरला आलो, त्याच आठवड्यात घरमालकांच्या पुतण्याच्या रिसेप्शनला मलाही असंच परत पाठवण्यात आलं. मी बायकोशी बोलताना त्यांनी माझं मराठी ऐकलं असावं. मी सातारचा, बँकेतला अधिकारी, अंगावर नवा कोट. परक्या गावात एक म्हातारा मराठीतून दम देतोय याचा आनंद मानावा की राग, हे ठरेपर्यंत मी मुकाट्यानं नळी चोखायला लागलोसुद्धा होतो. माझ्यामागचा एक तरुण मात्र अडला. थोरल्या भावाला म्हणावं तसं इथं कुणालाही 'बड्डे' म्हणतात. "काय बड्डे, केटरर के आदमी हो क्या?"

"नहीं भैया," काका शांतपणे म्हणाले, "हम बकरे की तरफ से हैं."

दुसऱ्या दिवशी कळलं की हे गृहस्थ आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. अधारतालच्या मेन रोडवरून आत वळलं की तिसरी गल्ली, पेरूचं झाड असलेलं घर. इथल्या सरकारी फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मूळ भंडाऱ्याकडचं, पण जन्म जबलपूरचाच. मुलगी परदेशात. बोलताना मराठीतून हिंदीत कधी जातात आणि कधी परत येतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ताटात कुणी काही टाकलं की ते निघायचंच. "एक डाव मेला ना तो बिचारा? मंग त्याले दुसऱ्यांदा काहून मारून राहिले?" माझा मेहुणा एकदा आमच्याकडे आला होता. त्यानं रश्श्यातली चरबी ताटाच्या कडेला काढून ठेवली. काका सहज म्हणून डोकावले होते, पण ती चरबी पोटात जाईपर्यंत दारातून हलले नाहीत. मेहुणा त्यानंतर जबलपूरला आलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल मी काकांचा आभारी आहे.

स्वतःच्या घरी तर विचारू नका. रविवारी सकाळी सातला काका पिशवी घेऊन निघत. पाव किलो मटण. त्यातलं रविवारी दुपारी सुकं, संध्याकाळी बटाटे घालून रस्सा. सोमवारी हाडं उकळून त्याचं पाणी, त्यात लसूण आणि मिरं. मंगळवारी तीच हाडं तुरीच्या डाळीत. बुधवारी ती गल्लीतल्या शेरू नावाच्या कुत्र्याला मिळत. शेरू यायचा, हुंगायचा, काकांकडे एकदा बघायचा आणि निघून जायचा. तिथं चाटण्यासारखंही काही उरलेलं नसे.

काकू होत्या तोवर या सगळ्याला चव होती. मला त्यांच्या हातचं दोन वर्षं खायला मिळालं. बुटक्याशा, कमी बोलणाऱ्या बाई. काकांनी वाढताना मोजून तुकडे घातले की त्या भात वाढायच्या निमित्तानं येत आणि भाताखाली गुपचूप आणखी एक तुकडा सरकवून जात. काकांना ते दिसायचं. काका छताकडे बघायचे.

मग काकू गेल्या. आठ दिवस तापात होत्या आणि गेल्या. मुलगी आली, तेरावं करून परतली. काकांनी कुणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फक्त रविवारचं ताट घेऊन ते व्हरांड्यात बसायला लागले, रस्त्याकडे तोंड करून. अकराला बसत ते एकपर्यंत. जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणत, "या, चव पाहा." लोक स्कूटरवरूनच हात हलवत. मला आधी वाटायचं, म्हातारा हाडाचा पिच्छा सोडत नाही. पुढे लक्षात आलं, एकट्या माणसाचं जेवण दहा मिनिटांत संपतं आणि मग उठावं लागतं. म्हणून ते चघळत बसायचे. हे कळूनही मी किती वेळा जाऊन बसलो? दोनदा. फार तर तीनदा. आम्हाला रविवारी कामं असतात ना!

या वर्षी होळीच्या आधी शहरात कोंबड्यांच्या रोगाची आवई उठली. एका रात्रीत लोकांनी चिकन सोडलं आणि सगळं शहर मटणावर तुटून पडलं. सकाळी सहालाच दुकानं रिकामी. सदर बाजारात रांगा. आमच्या ब्रँचमध्ये कर्जाच्या फायली बाजूला राहिल्या आणि मटण कुठे मिळतंय यावर चर्चा सुरू झाली. सगळ्यांची तोंडं उतरलेली. एकटे निखाडेकाका तेवढे खुशीत.

सकाळी दार वाजलं. दारात काका, दाढी केलेली, धुतलेला सदरा. "शिंदेसाहेब, मटण कुठंच नाही भेटून राहिलं!" पेढे वाटायला आलेल्या माणसासारखा आवाज.

"मग यात हसण्यासारखं काय आहे काका?"

"अहो, मंग वाटा घालू ना! धुळवडीले!"

त्यांनी आत येऊन, खुर्चीत बसून, चहा घेत मला वाटा समजावला. पूर्वी फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये आठ मराठी घरं होती. धुळवडीला आठ घरांत मिळून एक बोकड. आठच का? तर बोकडाला पाय चार, पायाला मोठ्या नळ्या दोन. "हे देवानंच ठरवून ठेवलं हाय, आपण कोण बदलणारे?" पळसाची पानं जोडून त्यावर आठ ढीग घालायचे. प्रत्येक ढिगात एक नळी, कलेजीचा तुकडा, थोडी चरबी, सगळं सारखं. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहणार. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारणार, "हा कोनाचा?" आणि पाठ केलेल्यानं न बघता एक नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्याचा तो ढीग. मग कुरकुर करायची नाही.

"पाठीले डोळे नसतात," काका म्हणाले. "म्हणून भांडण नसते."

ती आठ घरं आता राहिली नव्हती. कुणी नागपूरला गेलं, कुणी मुलाकडे, कुणी वरच गेलं. वाटा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता टंचाईच्या कृपेनं काकांना तो पुन्हा घालायचा होता, आणि त्यासाठी सात घरं हवी होती. आठवं त्यांचं.

मी लगेच हो म्हटलं. मटण मिळत नसताना कोण नाही म्हणणार? काका गल्लीभर फिरले. उन्हात, टोपी घालून, दोन दिवस. समोरच्या सुभेदारसाहेबांनी नाव दिलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं दिलं. तिवारीजींच्या घरी कांदासुद्धा चालत नाही, त्यांनीही नाव दिलं, फक्त वाटा मागच्या दारानं यावा एवढी अट घातली. सात नावं झाली. त्या आठवड्यात काका एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. शहपुऱ्याकडच्या ओळखीच्या माणसाकडून बोकड ठरवला, पळसाची पानं आणून भिजत घातली. संध्याकाळी भिंतीवरून मला हाका मारत. "शिंदेसाहेब, पाठ तुम्ही करायची हो! तुमचा आवाज खडा हाय."

आणि धुळवडीच्या दोनच दिवस आधी सगळं मिटलं. रोगबिग काही नाही, नुसती अफवा होती. कोंबड्या परत आल्या, मटण परत आलं, मोबाईलवर बोट टेकवलं की अर्ध्या तासात दारात पाकीट. होळीच्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी सदरहून येता येता किलोभर आणूनही टाकलं. साफ केलेलं, बिनहाडाचं.

"काकांना नको म्हणून सांगा," ती म्हणाली. "फ्रिजमध्ये जागा नाही."

"बाकीची सहा घरं आहेत की," मी म्हणालो. "एका वाट्यानं काय होतंय!"

असं मी म्हणालो. हो, मीच. इतरांची नालस्ती करायला मी मोकळा नाही.

धुळवडीला सकाळी दहाच्या सुमारास, रंग खेळणाऱ्यांना चुकवत, मी नकार सांगायला काकांच्या अंगणात गेलो. वाक्य तयार होतं. "काका, पाहुण्यांनी आणलं हो, काय करणार!"

पेरूखाली आठ ढीग घातलेले होते. पळसाच्या पानांवर, एका ओळीत, वर ओला पांढरा कपडा. काका स्टुलावर बसले होते. काठी हातात. मोबाईल मांडीवर.

"या," ते म्हणाले. "तुम्ही तरी आले."

"बाकीचे?"

"फोन आले सकाळपासून. सगळ्यांले भेटलं म्हणते बाहेर. सुभेदारले भेटलं, मेडिकलवाल्याले भेटलं." त्यांनी वाऱ्यानं सरकलेला कपडा नीट केला. "चांगलंच झालं ना. लोकांले भेटलं म्हणजे चांगलंच."

पाहुण्यांचं ते वाक्य मी मनातच खोडून टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

"मग आता कसं करायचं काका?"

"कसं म्हणजे? त्याचा जीव गेला सकाळी. आता काय माघारी देता येते?" ते उठले. "आठ घरांच्या नावानं गेला. आठ घरांतच जाईन. घ्या, पाठ करा."

मी पाठ केली. समोर भिंत, भिंतीपलीकडे ढोलकी आणि पोरांचा ओरडा. मागून काठीचा आवाज आला.

"हा कोनाचा?"

"सुभेदारसाहेबांचा," मी म्हणालो.

"बरं. हा कोनाचा?"

"तिवारीजींचा."

"मागच्या दारानं. बरं."

मी नावं घेत गेलो. एकही माणूस अंगणात नव्हता, पण नाव घेतल्यावर का कोण जाणे, आपोआप आवाज चढत गेला. मनात ठरवलं की सगळे वाटे डब्यांत भरून स्कूटरवर घालायचे आणि एकेकाच्या दारात नेऊन द्यायचे. बघू कोण परत पाठवतो! नाव निघालं म्हणजे वाटा त्याचा. (पुढे तसंच केलं. एकानंही परत पाठवलं नाही. सुभेदारसाहेब तर डबा हातात घेऊन खाली मान घालून उभे राहिले. आम्ही स्वतः गुरुवारपर्यंत मटण खाल्लं.)

सातवा ढीग माझ्या नावानं निघाला.

"हा कोनाचा?" शेवटची काठी.

"हा तुमचा काका. निखाड्यांचा."

मागून "बरं" आलं नाही. मी थांबलो. वाटलं, चुकलं की काय आपलं.

"आमच्या वेळेस बायांची नावं घेत," काका म्हणाले. "गंज-पातेले घेऊन बायाच यायच्या ना वाटा न्यायले. तुमाले गल्लीतल्या बायांची नावं ठाऊक नसतीन, म्हणून मी बोललो नाही. पण हा वाटा तिच्या नावानं निघते."

मी तसाच भिंतीकडे तोंड करून उभा. मग ते बोलायला लागले, आणि मला कळलं की पाठमोऱ्या माणसाशीच त्यांना हे बोलता येत होतं.

"मी तिले उभ्या जन्मात नावानं हाक नाही मारली, शिंदेसाहेब. आमच्यात नव्हती तशी रीत. 'ऐकते का', बस. तीही मले तेच. सासरी नाव घेणारं कोनी नव्हतं. पोरगी आई म्हणे, गल्ली काकी म्हणे. सालातून एकदा, धुळवडीले, कोनी तरी पाठ करून उभा राहायचा आन् मोठ्यानं तिचं नाव घ्यायचा. ती गंज घेऊन पुढं यायची. मी काठी धरून ऐकायचो." मागे काठीनं माती उकरल्याचा आवाज आला. "वाटा बंद झाला, मंग तेही बंद झालं. गेली तेव्हा दाखल्यावर नाव लिहिलं. लिहिलं, पण कोनी बोललं नाही."

दोन वर्षं ज्या बाईनं माझ्या भाताखाली तुकडा लपवला, तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"काका," मी भिंतीलाच म्हणालो, "मला काकूंचं नाव माहीत नाही हो."

मागून खाकरल्याचा आवाज आला. सत्तरी उलटलेला माणूस बायकोचं नाव पहिल्यांदा तोंडातून काढत होता. ते अगदी हळू, लाजत म्हणाले, "पंचफुला."

मग पुन्हा काठी टेकली.

"हा कोनाचा?"

"पंचफुला निखाडे," मी म्हणालो.

"जरा जोरानं घ्या ना," काका म्हणाले.

मी छाती भरून श्वास घेतला आणि ढोलकीच्या वर जाईल, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं घेतलं.