वेंडेलच्या मागे अकरा गाड्या

"गाडी बंद कर, वेंडेल. वीस मिनिटं लागतील म्हणतोय तो पाटीवाला," वेंडेलची बायको लॉरीन म्हणाली.

"नाही करत," वेंडेल होस्किंग म्हणाला.

यूरेहून सिल्व्हर्टनला जाणाऱ्या घाटात रस्त्याचं काम निघालं होतं. एकच बाजू चालू. कामगारांची पिवळी गाडी पुढे चालणार आणि तिच्यामागून बाकीच्यांनी जायचं, अशी पद्धत. ती गाडी अजून पलीकडून परतली नव्हती. दहाला दहा कमी होते, आणि सिल्व्हर्टनच्या मेळ्यात नावं लिहून घेण्याची वही अकराला मिटत होती.

स्पर्धा सत्तरीपुढच्या खाणकामगारांची होती. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडा, वेळ दहा मिनिटं. ग्रॅनाइटात ज्याचं भोक जास्त खोल, तो जिंकला. वेंडेल सलग चार वर्षं सिल्व्हर्टनच्या आर्वो निएमीकडून हरला होता. ऑक्टोबरमध्ये त्याच्या खांद्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि त्यानंतर हातोडा भिंतीला टांगा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे जिंकायचं तर आजच.

वेंडेलने काच खाली केली. 'थांबा'ची पाटी धरलेल्या माणसाला तो म्हणाला, "मला अकराच्या आत पोचायचंय."

"आजोबा, सगळेच थांबलेत."

"सगळ्यांना काय घाई आहे? ते डोंगर बघायला आलेत! डोंगर कुठे पळून चाललाय?"

पाटीवाल्याने खांदे उडवले. वेंडेलने दात आवळले, स्टिअरिंग गरकन फिरवलं आणि गाडी डावीकडे ब्लू कॅनरी खाणीच्या जुन्या रस्त्यावर घातली. हा रस्ता खाणीवरून जाऊन कामाच्या पलीकडे उतरतो, हे गावातल्या लोकांनाच ठाऊक होतं.

पाच मिनिटांनी लॉरीनने आरशात पाहिलं. मग मान वळवून पाहिलं.

"वेंडेल, मागे अकरा गाड्या आहेत."

"असू देत."

"आपल्या मागे आहेत. आपल्या."

वेंडेलची गाडी पिवळी होती. रस्तेवाल्यांच्या लिलावात तीन वर्षांपूर्वी घेतलेली. टपावर बंद पडलेला दिवा होता आणि मागच्या फळीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: 'माझ्यामागे या'.

"तीन वर्षं सांगतेय, ती पाटी काढ म्हणून!"

"स्क्रू गंजलेत!"

"घरातलं सगळंच गंजलंय तुझ्या मते!"

आता थांबून काही उपयोग नव्हता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, रुंदी एका गाडीची. वेंडेलने खिडकीतून हात काढून मागच्यांना 'परत जा' अशी खूण केली. लगेच मागच्या, कॅन्सासच्या नंबरप्लेटच्या गाडीतल्या बाईने आनंदाने हात हलवला.

वरच्या वळणावर समोरून एक जीप आली. आत आर्वो निएमी.

"तू इथे काय करतोयस?" वेंडेल ओरडला.

"तुला शोधतोय, गाढवा! घाट बंद म्हटल्यावर तू इथूनच येणार. यंदा आपण दोघंच, आणि दोन नावं नसली तर स्पर्धा रद्द करतात. आणि ही वरात कुणाची?"

"मागे घे. चढणाऱ्याचा हक्क पहिला."

"मला शिकवू नकोस! माझी मान वळत नाही, माहितीये ना तुला?"

नियम मात्र नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला दोन्ही गावांत कुणी दारात उभं करत नसे. आर्वो जीप मागे घेऊ लागला. लॉरीन उतरून त्याला दिशा सांगत चालत राहिली. "डावीकडे. आर्वो, डावीकडे! ती दरी आहे!" अर्धा मैल. आर्वो सारा वेळ फिनिश भाषेत शिव्या देत होता. त्यांना उत्तर देता येत नाही म्हणून वेंडेल आणखी भडकला होता.

खाणीपुढच्या सपाटीवर सगळे पोचले तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

"तुझ्यामुळे!" आर्वो म्हणाला.

"माझ्यामुळे? गोगलगायसुद्धा तुझ्याआधी मागे गेली असती!"

"बरं झालं. पाचव्यांदा हरण्यापासून वाचलास."

वेंडेलने गाडीच्या मागून छिन्न्या आणि हातोडा काढला आणि एका ग्रॅनाइटच्या धोंड्यापुढे गुडघा टेकला. "लॉरीन, घड्याळ. पाणी."

"खांदा, वेंडेल!"

"घड्याळ!"

अकरा गाड्यांतली माणसं उतरून गोल करून उभी राहिली. वेंडेल ठोकत होता. प्रत्येक घावाबरोबर त्याच्या तोंडून पाटीवाला, रस्तेवाले, डॉक्टर, पर्यटक यांपैकी एकेकाचा उद्धार होत होता. भुगा वर यावा म्हणून लॉरीन भोकात पाणी ओतत होती. दहा मिनिटांनी त्याचा हात लुळा पडला. लॉरीनने टेप घातला. पावणेनऊ इंच.

मग आर्वो बसला. त्याची मान वळत नसली तरी हात चालत होता. टेप दोनदा घातला, कारण पहिल्यांदा त्याने मानलं नाही. साडेआठ.

आर्वोने वेंडेलच्या भोकात बोट घालून पाहिलं. मग त्याने हात पुढे केला. "घे. हरलो."

चार वर्षांत प्रथमच वेंडेलच्या कपाळावरची आठी गेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्सासची बाई डोळे पुसत पुढे आली.

"किती सुंदर! ते भांडण, त्या शिव्या, अगदी खरं वाटत होतं हो! मी बहिणीला सांगणारच आहे, उद्या ती येतेय." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उद्या जिंकायची पाळी कुणाची?"

वेंडेलचा चेहरा लालभडक झाला. त्याने तोंड उघडलं, पण आर्वोने रुमालाने मान पुसत शांतपणे आधीच उत्तर दिलं.

"माझी."