टॉवेलाखालचे सर

"इंजिनिअरिंगला गेलीय माझी मुलगी. आता कॅल्क्युलस घेणार!" खुर्चीतल्या नव्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल गुंडाळून सलूनवाल्यांनी बाकावर बसलेल्यांना जाहीर केलं. कॅल्क्युलस म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण शब्द तोंड भरून उच्चारता येत होता आणि त्यांना तेवढं पुरे होतं.

प्रवेश मिळाला होता, पण कुठलं गणित घ्यायचं, हे मुलीचं खरं म्हणजे अजून ठरलंच नव्हतं. शाळेत गणिताच्या बाई वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेल्या आणि त्रिकोणमिती कच्चीच राहिली. कॉलेजात थेट कॅल्क्युलस घेता येत होतं किंवा आधी एक सत्र पायाभूत गणित. थेट घेऊन आपटलं तर अख्खं वर्ष पाण्यात. ती बिचारी घरी नखं खात बसली होती.

"अवघड असतं म्हणे," बाकावरचा औषधवाला म्हणाला.

"इतरांना असेल. आमची झोपेतून उठवली तरी त्रिकोणमिती घडाघडा म्हणून दाखवेल!"

"उत्तम!" टॉवेलाखालून आवाज आला. मग टॉवेल बाजूला झाला. "तिथल्या कॉलेजात मीच शिकवतो कॅल्क्युलस. सोमवारी पहिल्याच तासाला तिला फळ्यावर बोलावतो."

खरं सांगून मोकळं व्हायची हीच वेळ होती. पण सगळा बाक टक लावून बघत होता. "बोलवा की," सलूनवाले म्हणाले. एवढ्यावर थांबतील तर ते सलूनवाले कसले! औषधवाल्याच्या दोन्ही मुलींना आपली लेक गणित शिकवील, असाही शब्द त्यांनी देऊन टाकला.

संध्याकाळी त्या दोघी वह्या घेऊन दारात हजर.

"बाबा, या कशाला आल्यात?"

"तुझ्याकडे त्रिकोणमिती शिकायला."

"अहो, मलाच येत नाही ती!"

"हळू बोल, ऐकतील! आणि सोमवारपर्यंत येईल की. हुशार आहेस तू."

"हुशार आहे हो, पण शिकवलंच नाही कुणी ते कुठून येणार?"

फळ्याचं कळल्यावर तर तिनं डोक्याला हात लावला. मुलींना तिनं गोड बोलून परत पाठवलं. बापाशी मात्र अबोला धरला.

शनिवारी बाक गच्च भरलेला असताना सर मिशी कातरून घ्यायला आले. आज हे निस्तरायचंच, असं सलूनवाल्यांनी ठरवलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि भलतंच बोलून गेले, "सर, मुलगी सोमवारी येईलसं वाटत नाही. तापानं नुसती फणफणलीय."

तेवढ्यात दार ढकलून मुलगी आत आली. चांगली ठणठणीत.

"सर, मला कॅल्क्युलस घ्यायचंय, पण आत्ता नाही. त्रिकोणमिती येत नाही मला, अपूर्णांकही अडतात. आधी पायाभूत गणित घेते."

सलूनवाले कात्री चालू ठेवूनच गर्रकन तिच्याकडे वळले. कचकन आवाज झाला आणि सरांची उजवी मिशी मांडीवर येऊन पडली.

सरांनी आरशात उरलेली मिशी न्याहाळली. "दुसरी बाजूही काढा आता," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "पायाभूत वर्गही माझाच आहे. अख्खा वर्ग माना डोलावतो. कुणाला काय येत नाही, ते मला थेट पेपर तपासतानाच कळतं. सोमवारी पहिल्या बाकावर बस."

"बसते, सर."

सलूनवाले तिच्याकडे बघतच राहिले. एवढ्या लोकांपुढे, आवाज न चढवता, मान खाली न घालता! त्यांचा ऊर भरून आला. डोळे पुसायला हाताशी सरांचाच टॉवेल होता. तो त्यांनी वापरला.

सर गुळगुळीत ओठानं बाहेर पडले आणि पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. "काय हो, मुलगी कॅल्क्युलस घेणार म्हणे?"

"छे! आत्ता नाही घेणार म्हणाली. सरांना तोंडावर सांगितलं!" सलूनवाल्यांनी छाती पुढे काढली. "आमच्या अख्ख्या घराण्यात 'मला येत नाही' म्हणणारी ही पहिलीच!"