शलमोन मिस्त्रीने करंजी घाट सर केला त्याची हकीकत

शहर नगर येथील समस्त गॅरेजवाले, टायरवाले व त्यांसमोरील चहावाले यांनी तगादा लाविला की, शके अठराशे पंच्याण्णव, माघमासी, करंजी घाटी जे रण माजले ते साद्यंत लिहावे, म्हणोन लिहिले. पदरचे फार घातले नाही.

राजश्री डॉक्टर राधाकृष्णपंत, मुक्काम तिसगाव, तीन साले विलायतेत राहोन फिरंगी मोटार घेऊन आले. मोटारीचे पोटी पंखा ऐसा की, इंजिनाच्या धुराने फिरावे आणि इंजिनासच हवा कोंबावी. हवा अतोनात जाहली तर इंजिन फुटेल, म्हणोन धुराचे मागील दारी एक दरवान नेमिला. हवेचा दाब नळीतून त्यास वर्दी देई, आणि तो दार उघडून धूर परस्पर घालवी, मग पंखा मंदावे. परंतु दरवान पडला भित्रा! जराशा वर्दीनेच दार उघडी, आणि घाटात मोटारीचा दम जाई, आणि एस.टी. पुढे निघोन जाई, आणि एस.टी.तील बायका डॉक्टरांस हात हलवून दाखवीत. अरेरे, काय ती बेअब्रू!

तेव्हा शलमोन मिस्त्रीने विडा उचलिला. मोटार घाट न चढली तर गॅरेजची पाटी उतरवून मेहुणा फिलिप याचे सायकल दुकानी पंक्चर काढीन, ऐसे भर चौकात बोलोन गेला. घरी मरियाबाईंनी फर्मान काढिले, "फिलिपदादाच्या हाताखाली गेलात, तर मी तुमच्याशी बोलायची न्हाई."

मग त्याने तांब्याची तार गुंडाळून रीळ केले, आत लोखंडी खिळा सोडिला, आणि नळीस फाटा पाडोन तेथे हा फितुरी कारकून बसविला. वीज येता खिळा मागे ओढला जाई, आणि फाटा खुला होई, आणि थोडी हवा बाहेर निसटे. दरवानास अर्धीच वर्दी पोचे, दार बंद राही, पंखा गरगरे. विजेसाठी हाताशी हॉर्नची तार होती, तीच जोडिली. नगरच्या बाजारपेठेतून फिरवून पाहिली, तो मोटार तुफान!

दुसरे दिवशी डॉक्टर स्वार जाहले, शेजारी मिस्त्री. पहिल्याच वळणी मोटार धापा टाको लागली. मिस्त्रीस पंक्चरचे घमेले डोळ्यांपुढे दिसो लागले. इतक्यात मागोन एस.टी.चा भोंगा कडाडला, आणि मिस्त्रीचे डोक्यात लख्ख उजेड पडला. नगरात हॉर्नवरला हात निघत नाही. विलायतेत हॉर्न वाजविणे असभ्य, आणि डॉक्टर तीच चाल येथे पाळीत! हॉर्न नाही म्हणोन वीज नाही, आणि वीज नाही म्हणोन फितुरी नाही.

"डाक्टरसाहेब, हॉर्न दाबा! दाबूनच धरा!"

"अहो मिस्त्री, पुढं चिटपाखरू नाही, कुणाला वाजवू?"

मिस्त्रीने आडवा हात घालोन हॉर्नावर तळहात रोविला. पों ऐसा एकच कल्लोळ! मोटार उसळली, आणि एस.टी. धुरळ्यात गडप जाहली, आणि कडेची मेंढरे डोंगर चढली, आणि मग एकदम माथा आला.

माथ्यावर मिस्त्री ओशाळून म्हणाला, तार बदलून देतो. डॉक्टरांनी हुकूम फर्माविला की, तारेस जो हात लावील त्याची नाडी आम्ही जन्मात पाहणार नाही. आणि हॉर्न स्वहस्ते दाबोन मोटार तिसगावचे वेशीपर्यंत नेली.

येणेप्रमाणे करंजी घाट फत्ते जाहला. पाटी जागीच राहिली, आणि मरियाबाई त्या सांजेस मिस्त्रीशी मनसोक्त बोलल्या. मिस्त्रीचे कानी तीन दिवस काहीच शिरले नाही.